४८ आय/४ : जुन्या नकाशावरून केपे-सांगे, चार दिवस

गोव्यातली खेडी पाहायची म्हटले की पाय आपोआप देवळाकडे नाहीतर चर्चकडे वळतात. या चार दिवसांच्या फिरतीत वाटाड्या होता एकच कागद, भारतीय सर्वेक्षण विभागाची टोपोशीट (जमिनीचे चढउतार, पाणी, रस्ते, वस्त्या दाखवणारा नकाशा) ४८ आय/४. अक्षांश १५°०० ते १५°१५ आणि रेखांश ७४°०० ते ७४°१५ एवढा तिचा पसारा. केपे, सांगे, रिवण, साळावली, कुर्डी, नेत्रावळी ही सगळी गावे तिच्यात येतात. कुडचडे-सावर्डे आणि १८८० च्या दशकातला मुरगाव बंदराचा लोहमार्ग मात्र वरच्या ४८ आय/३ वर गेला आहे. त्यामुळे रेल्वेचा शोध या फेरीतून वगळला. एका फेरीला एक शीट पुरते.

निघण्याआधी

काम निम्मे घरीच होते, आणि बिघडते तेही तिथेच.

या शीटच्या किमान दोन आवृत्त्या लागतात. एक साळावली धरणाच्या आधीच्या सर्वेक्षणाची आणि एक आजची. आजची आवृत्ती सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावर पीडीएफ म्हणून मिळते, पण तिथे ४८ आय/४ शोधली तर हाती काही लागत नाही. २००५ च्या नकाशा धोरणानंतर क्रमांक बदलले आणि हीच शीट आता डी ४३ सी ४ झाली आहे. जुनी प्रत महाविद्यालयांच्या भूगोल विभागात किंवा जुन्या ग्रंथालयांत मिळते. छपाईच्या वर्षावर जाऊ नये. समासात सर्वेक्षणाचा हंगाम वेगळा दिलेला असतो, खरी तारीख तीच. दहा वर्षांपूर्वीची पाहणी नव्या छपाईत तशीच पुढे आली, असे वारंवार दिसते.

जोडीला अमेरिकन लष्कराच्या नकाशा विभागाची १९५० च्या दशकातली यू ५०२ मालिका आहे. टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ती संकेतस्थळावर खुली ठेवली असून गोव्याचे पान एनडी ४३-२ आहे. तिचे प्रमाण १:२,५०,००० असल्याने कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे अडीचशे मीटर. वाडा, म्हणजे गावातली एखादी वस्ती, शोधायला तिचा उपयोग नाही, मोठे रस्ते ताडून पाहण्यापुरती ती ठीक आहे. त्यापेक्षा कामाची आहेत ‘कोरोना’ उपग्रहांची छायाचित्रे. (साथीशी संबंध नाही, नाव जुने आहे.) १९६० ते १९७२ या काळातली ही हेरगिरीची छायाचित्रे १९९५ मध्ये खुली झाली. त्यातल्या शेवटच्या कॅमेऱ्याची बारकाई दोन मीटरच्या आसपास आहे. या भागासाठी डिसेंबर ते मार्चमधलेच चित्र निवडावे, पावसाळ्यातल्या चित्रांत ढगच ढग असतात.

१:५०,००० ची शीट उंचीला सुमारे ५५ आणि रुंदीला सुमारे ५४ सेंटिमीटर असते. ए-थ्री स्कॅनरवर ती मावत नाही, चार तुकडे करावे लागतात आणि जोडावर रेषा सरकतात. नकाशे छापणाऱ्या दुकानातला मोठा रोलर स्कॅनर बरा. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) एक ठिपका जमिनीवरचे सव्वाचार मीटर झाकतो, ४०० ला सुमारे सव्वातीन. त्यापुढे जाण्यात अर्थ नाही, कारण छापलेली रेषाच त्याहून जाड असते.

स्कॅन क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक-प्रणालीत बसवताना नुसते चार कोपरे देऊन थांबू नये. दर पाच मिनिटांच्या अक्षांश-रेखांशाच्या खुणा धरल्या तर सोळा बिंदू मिळतात. घडी पडलेला कागद घडीवर ताणलेला असतो, तो दोष चार कोपऱ्यांतून कळत नाही. सोळांपैकी एखाद्याच बिंदूची चूक इतरांच्या तिप्पट दिसली, तर बहुधा आकडा चुकीचा टाकलेला असतो. सगळेच बिंदू थोडेथोडे चुकत असतील तर दोष कागदाचा, तेव्हा नकाशा जागोजागी ताणून बसवणारी ‘थिन प्लेट स्प्लाइन’ ही पद्धत निवडावी.

हमखास फसगत होते ती डेटममध्ये, म्हणजे अक्षांश-रेखांश पृथ्वीच्या कुठल्या गृहीत आकारावरून मोजले त्यात. जुनी शीट एव्हरेस्ट गोलाभावर मोजलेली आहे, फोनचा जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर चालतो. बिंदू देताना डेटमच्या यादीतला ईपीएसजी ४१४६ हा क्रमांक, म्हणजे कल्याणपूर १९७५, निवडायचा आणि मग रूपांतर करायचे. ते न करता अंश-मिनिटे सरळ डब्ल्यूजीएस म्हणून टाकली, तर या भागात सगळा नकाशा सुमारे दीडशे मीटर सरकतो. कागदावर ते तीन मिलिमीटर, जमिनीवर व्हाळाचा, म्हणजे ओढ्याचा, दुसरा काठ. विहीर सापडली नाही म्हणून ती बुजली असा निष्कर्ष काढणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची विहीर दीडशे मीटरवर शाबूत असते.

एक इंची शीट, म्हणजे १:६३,३६० ची, हाती आली तर तिच्यावरची जाळी हजार यार्डांची असते, किलोमीटरची नव्हे. चौकोन मोजत चालणारा दर दहा चौकोनांमागे साडेआठशे मीटर चुकतो.

शेवटी हे सगळे एमबीटाइल्स (फोनवर इंटरनेटशिवाय उघडणारी नकाशाची फाइल) करून फोनमध्ये घालायचे. नेत्रावळीच्या डोंगरांत फोनच्या रेंजवर विसंबता येत नाही. छापील प्रतही हवीच, कारण मे महिन्याच्या उन्हात फोन तापून बंद पडतो.

पहिला दिवस : चंद्रनाथ, केपे

सकाळी सातच्या आत पारोड्याच्या चंद्रनाथ डोंगरावर. उंची साडेतीनशे मीटरच्या आसपास, वर चंद्रेश्वर भूतनाथाचे देऊळ. पहिला थांबा इथे घ्यायचा तो दर्शनापेक्षा शीट जमिनीशी जुळवण्यासाठी. नऊनंतर धुरकटपणा वाढतो आणि पूर्वेची सह्याद्रीची धार पुसट होते.

शीट कठड्यावर पसरून उत्तर जुळवावी. गोव्यात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक एका अंशाच्या आसपास आहे, तो सोडून दिला तरी चालते. मग ओळखीच्या तीन जागांचे कोन होकायंत्राने घेऊन कागदावर उलट रेषा ओढायच्या. तिन्ही रेषा एका बिंदूत सहसा मिळत नाहीत, छोटा त्रिकोण होतो. त्याची बाजू चार मिलिमीटरच्या आत असली तर पुढे जावे. मोठी आली तर एखादे शिखर चुकीचे ओळखले आहे.

वरून कुशावतीचे खोरे दिसते. जुन्या शीटवर पिवळा रंग म्हणजे लागवड, हिरवा म्हणजे झाडी, निळा म्हणजे पाणी, तपकिरी रेषा म्हणजे कंटूर (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा), लाल म्हणजे रस्ते आणि घरे. फिरताना आम्ही एक साधा नियम पाळतो: तपकिरी आणि निळ्यावर विश्वास, लालवर संशय. घरे जळतात, सोडली जातात, रस्ते रुंद होतात. व्हाळ आणि डोंगराचा उतार सहसा जागचे हलत नाहीत. म्हणून जुन्या घराची जागा शोधताना रस्त्यापासून मोजू नये. दोन व्हाळांच्या संगमापासून किंवा कंटूरच्या वळणापासून मोजावे.

दुपारी केपे. हे गाव वसवण्याचे श्रेय डीन जुझे पावलू द आल्मेदा यांना दिले जाते. त्यांची १७८७ ची हवेली चर्चसमोर, कुशावतीजवळ आजही उभी आहे. केपे हा नव्या काबिजादीतला मुलूख. तिसवाडी, बार्देश, साष्टी सोळाव्या शतकातच पोर्तुगीजांकडे गेले, हा भाग अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. हा फरक नकाशात वाचता येतो. साष्टीत चर्चभोवती दाट वस्ती, इकडे वाडे विखुरलेले आणि प्रत्येक वाड्याला स्वतःचा व्हाळ. चर्चसमोर सरळ रस्ता काढून आखलेले केपे या विखुरलेपणात वेगळे उठून दिसते.

संध्याकाळ नावांसाठी ठेवावी. गोव्याच्या नकाशांवरची नावे पोर्तुगीज वळणाच्या रोमनमध्ये आहेत, ती इंग्रजीसारखी वाचली की घोटाळा. एक्स म्हणजे श, म्हणून शेल्डेची सुरुवात एक्सने होते. शेवटचा एम हा ‘म’ नसून अनुस्वार: केपें, सांगें, कुडचडें. क्यू आणि यू मिळून ‘के’चा क. आर कधी र असतो तर कधी ड. कुडचडे आणि सावर्डे दोन्हींत आर आहे, उच्चार मात्र वेगळा. त्यामुळे कागदावरचे नाव मोठ्याने वाचून दाखवून ‘हे कुठे?’ असे विचारण्यात वेळ जातो. वाड्यावरच्या आजोबांना ‘ह्या व्हाळापलीकडच्या मळाला काय म्हणतात?’ असे विचारावे आणि उत्तर शीटवरच्या अक्षरांशी नंतर जुळवावे. सर्वेक्षकाने ऐकताना केलेल्या चुकाही अशाच सापडतात.

दुसरा दिवस : रिवण, उसगाळीमळ

रिवणच्या बाजूला लागले की कालचा नियम मोडतो. इथे तपकिरी रेषाच खोट्या ठरतात.

या पट्ट्यात मँगनीज आणि लोहखनिजाच्या खाणी झाल्या. गोव्यातले खाणकाम २०१२ मध्ये थांबले, पुढे सुरू झाले आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लीज रद्द केल्या. पण तोवर जमिनीचा आकार बदलून गेला होता. शीटवर टेकडी आहे तिथे पाण्याने भरलेला खड्डा, शीटवर उतार आहे तिथे मातीचा ढिगारा. नव्या ढिगाऱ्यांवर आता अकेशिया वाढल्याने नवख्याला तो डोंगरच वाटतो. ओळखण्याची खूण उताराची. नैसर्गिक टेकडीचा उतार खाली सैल होत जातो, ढिगाऱ्याला पायऱ्या असतात आणि पायथ्याशी तो एकदम तुटतो. त्याच्या पायथ्याचा व्हाळ लाल गाळाने उथळ झालेला असतो.

हा बदल आकड्यांत मांडायचा असेल, तर जुन्या शीटवरचे कंटूर रेखून उंचीचा थर बनवायचा आणि एसआरटीएमच्या (अवकाशयानातून रडारने केलेली उंचीची मोजणी) थरातून तो वजा करायचा. एसआरटीएमची मोजणी फेब्रुवारी २००० ची आहे, त्यानंतरच्या खोदकामासाठी इस्रोच्या ‘भुवन’ संकेतस्थळावरचा कार्टोसॅट उपग्रहाचा थर घ्यावा. सावधगिरी अशी: जुन्या कंटूरचे अंतर वीस मीटर, म्हणजे दोन रेषांमधल्या कोणत्याही बिंदूवर दहा मीटरची चूक गृहीत धरायची. शिवाय एसआरटीएम दाट झाडीत जमिनीची उंची न देता बरीचशी झाडांच्या शेंड्यांकडची देतो. त्यामुळे पंचवीस मीटरांहून कमी फरक दिसला तर तो बदल मानू नये. डेटमची दीडशे मीटरची चूक राहिली असेल, तर प्रत्येक टेकडीच्या एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला ढिगारा दिसतो. असे जोडीजोडीने डाग आले की खाणीचा विचार सोडून जिओरेफरन्स, म्हणजे नकाशाची जमिनीवरची बसवणी, तपासावी.

उसगाळीमळची कातळशिल्पे कुशावतीच्या काठी पणसायमळला, जांभ्याच्या सपाट कातळावर आहेत. अभ्यासकांचे लक्ष त्यांकडे १९९३ मध्ये गेले. बैल, गवे, हरणे, मानवाकृती आणि ते प्रसिद्ध चक्रव्यूहासारखे वर्तुळ. जुन्या शीटवर त्यांची खूण शोधू नये. शीटवर वाचायचे ते एवढेच, की ही जागा इथेच का. नदी वळण घेते, आतल्या बाजूला कंटूर विरळ होतात, कातळ जवळजवळ पाण्याच्या पातळीला येतो. माणूस आणि जनावर दोघांनाही पाण्यापाशी यायला सोपी जागा. असाच आकार वर-खाली आणखी कुठे दिसतो, ते शीटवर पेन्सिलीने घेरून ठेवावे आणि नदीकाठाने जाऊन पाहावे. बहुतेक ठिकाणी नुसता कातळ मिळतो. गाळाखाली काय आहे ते उकरून पाहू नये, ते पुरातत्त्व खात्याचे काम.

शिल्पे पाहायची तर सकाळी नऊच्या आत किंवा साडेचारनंतर. उन्हाची तिरीप आडवी पडली की उथळ रेषा उठतात, भर दुपारी कातळ कोरा दिसतो. चपला काढून चालावे. रेषांत खडू भरून फोटो घेण्याची खोड वाईट. खडू धुऊन जातो पण घासताना जांभा झिजतो.

रिवणची कोरीव गुंफा वाटेतच आहे, अर्धा तास पुरे.

तिसरा दिवस : कुर्डी

सगळी फेरी मे महिन्यात ठेवायची ती या दिवसासाठी.

साळावली नदीवर धरण झाले आणि कुर्डी पाण्याखाली गेली. १९८० च्या दशकात लोकांचे पुनर्वसन वाडे आणि वालकिणी या गावांत झाले. उन्हाळ्यात पाणी उतरले की गाव वर येते आणि मे महिन्यात कुर्डीकर सोमेश्वराच्या आणि कपेलाच्या (छोट्या चर्चच्या) उत्सवासाठी तिथे जमतात. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचे हे गाव. दरवर्षी पाणी सारखे उतरत नाही. धरणातला साठा स्थानिक वर्तमानपत्रांत येत असतो, तो आठवडाभर पाहून दिवस ठरवावा. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस धरतो. वळवाची एक सर जरी पडली तरी तळाची चिकणमाती साबणासारखी होते. त्या दिवशी बेत रद्द.

आदल्या रात्री करायचे काम एकच, आणि सगळ्या फेरीत तेच सर्वांत बोलके आहे. धरण पूर्ण भरते तेव्हा पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ४१.१५ मीटर असते. धरणाआधीच्या शीटवर वीस मीटरच्या अंतराने कंटूर आहेत, म्हणजे चाळीस मीटरची रेषा तिथे छापलेलीच आहे. ती निळ्या पेन्सिलीने गिरवत जायचे. प्रत्येक व्हाळात ती आत शिरते, प्रत्येक टेकाडाला वळसा घालते, आणि पूर्ण झाली की कागदावर जलाशय उभा राहतो. ज्यांनी ती शीट छापली त्यांच्या दृष्टीने ती इतर रेषांसारखीच एक रेषा होती. तिच्या आतले लाल ठिपके मोजले की कोणते वाडे गेले ते कळते. रेषेवरचे ठिपके वादाचे. उरलेला १.१५ मीटर पन्नासास एक अशा मंद उतारावर साठेक मीटर आडवा पसरतो, कागदावर जेमतेम एक मिलिमीटर. तेवढ्यावरून अमुक घर बुडाले, तमुक वाचले असे सांगू नये.

एक इंची शीट असेल तर तिचे कंटूर फुटांत असतात. ४१.१५ मीटर म्हणजे १३५ फूट. शंभर आणि दीडशेच्या रेषांमध्ये सात दशांशावर अंदाजाने रेघ काढावी लागते. समासात कंटूरचे अंतर वाचल्याशिवाय ते पन्नासच असेल असे धरू नये.

सकाळी सातला तळात उतरावे, दहाला बाहेर पडावे. सावली अजिबात नाही, माणशी तीन लिटर पाणी. काठी टेकत चालायचे. ती चार बोटांहून जास्त रुतली तर वाट बदलायची, कारण वरचा भेगाळलेला थर कोरडा असतो आणि खाली लगदा. बुडालेल्या विहिरी हा खरा धोका, त्यांचा कठडा पडलेला असतो आणि तोंड गाळाने झाकलेले. जुन्या शीटवर विहिरींच्या निळ्या खुणा आहेत. त्यांभोवती वीस मीटरांचे वर्तुळ आधीच फोनमध्ये आखून ठेवावे.

शीट हातात घेतली की पसरलेल्या दगडांना रचना येते. जांभ्याचे चौथरे रांगेत आहेत, ती रांग जुन्या रस्त्याची. रस्त्यावरची मोरी सापडली की तिच्याखालचा व्हाळ ओळखता येतो, आणि व्हाळ ओळखला की सगळा वाडा जागेवर बसतो. हा क्रम उलटा करू नये. चौथऱ्यांवरून सुरुवात केली तर सगळे चौथरे सारखेच दिसतात. माडांची खुंटे बांधाच्या रेषेत उभी असतात, तिथे शेताची हद्द होती. तुळशीवृंदावन सापडले तर त्याच्या समोर घराचा दर्शनी भाग धरता येतो. घर कुणाचे, हे शीट सांगत नाही. त्यासाठी कुर्डीकरच हवेत. ‘काका, हे आंगण कुणाचे?’ एवढे विचारले की पुढची दहा घरे नावांसकट मिळतात. ती नावे आपल्या वहीत लिहावीत, नकाशासोबत जाहीर करू नयेत.

दगड, कौल, मडक्याचा तुकडा काहीही उचलायचे नाही. उत्सवाच्या दिवशी नकाशा, होकायंत्र बॅगेतच ठेवावे. लोक देवाला आलेले असतात.

टिपणात प्रत्येक नोंदीपुढे त्या दिवशीची धरणातली पातळी लिहावी. ‘इथे पाणी होते’ या वाक्याला पातळीशिवाय काहीच अर्थ नाही.

चौथा दिवस : नेत्रावळी आणि परत

नेत्रावळीला दिवस अपुरा पडतो, पण डोळे थकलेले असतात. अभयारण्य १९९९ चे असून आत जाण्याआधी वनखात्याच्या नाक्यावर नोंद करावी. जुन्या शीटवरच्या लाल तुटक पायवाटांतल्या काही आज रानात बुजल्या आहेत, त्या शोधत एकट्याने शिरू नये. बघण्यासारखी एकच गोष्ट सांगतो: कुळागरांची जागा. माड-पोफळीचे हे पट्टे डोंगराच्या पायथ्याशी, जिथे कंटूर दाटीवरून एकदम विरळ होतात तिथे असतात. झरा तिथेच फुटतो आणि पाट उताराने नेता येतो. जुन्या आणि नव्या शीटवर इतर सगळे बदलले तरी कुळागर बहुधा जागच्या जागी असते. गोपीनाथाच्या देवळाची बुडबुड्यांची तळी पाहून दुपारी निघावे.

परतीच्या वाटेवर साळावली धरणाजवळ कुर्डीचे महादेव मंदिर लागते. कदंबकाळातले हे देऊळ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने दगड दगड सोडवून सुमारे सतरा किलोमीटरवर इथे पुन्हा उभारले. देव हलवणे गोव्याला नवे नाही. कुठ्ठाळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा सोळाव्या शतकात फोंड्याकडे आली, पण तेव्हा गाभाऱ्यातले देव निघाले आणि देवळे मागे राहिली. इथे देऊळच निघाले. नकाशा वाचणाऱ्यासाठी यात एक सापळा आहे. नव्या शीटवर या जागी प्राचीन मंदिराची खूण दिसली की आसपास जुनी वस्ती असणार असा तर्क होतो, आणि तो साफ चुकतो. आमच्या ट्रेसिंग कागदावर म्हणून या देवळाच्या दोन खुणा आहेत. कुर्डीतली पोकळ, धरणाजवळची भरीव, आणि भरीव खुणेशेजारी पेन्सिलीने दोन शब्द: ‘मूळ कुर्डी’.